गॅरेजमधून : एक दाता वाढवावा का?

गेल्या अंकातल्या कॉम्बी बॉयलरच्या लेखानंतर बरेच फोन आले. त्यातले निम्मे बॉयलरबद्दल होते आणि निम्मे "तुमच्या मुलाने मोटरसायकल घेतली म्हणे, तुम्ही घेऊ कशी दिलीत?" असे होते. म्हणून यावेळचा लेख मोटरसायकलवरच लिहितो. संपादकांनी परवानगी दिली आहे. सौ.ने दिलेली नाही, पण तिने लेख वाचल्यावर बघू.

तर आमच्या घरातली परिस्थिती अशी. चिरंजीव रोहन सतरा वर्षांचा आहे. ए-लेव्हल्सच्या वाटेला न जाता त्याने ॲबिंग्डनजवळच्या एका कारखान्यात ॲप्रेंटिसशिप घेतली. यावर आमच्या मंडळाच्या गणपतीत बऱ्याच भुवया वर गेल्या. "मुलगा हुशार होता ना हो?" असं एका काकूंनी 'होता' या शब्दावर जोर देऊन विचारलंही. असो, तो विषय वेगळा. आम्ही राहतो ऑक्सफर्डच्या पश्चिमेला बॉट्लीत. कामावर सकाळी साडेसातला हजर व्हावं लागतं, बसचा मेळ बसत नाही आणि सतरा वर्षांच्या मुलाचा कारचा विमा काढायला गेलं तर विम्याच्या पैशात दुसरी कार येईल. तेव्हा सगळ्यांनी डोकं लावून असं ठरलं की सीबीटीचं एका दिवसाचं ट्रेनिंग घ्यायचं, एलच्या पाट्या लावायच्या आणि एक जुनी १२५ सीसीची गाडी घ्यायची.

गाडी मिळाली यामाहा वायबीआर १२५. दिसायला साधी, स्वभावाने गरीब. पुण्यात पाहिली असती तर कुणी मान वळवून बघितलं नसतं. दहा हॉर्सपॉवर, पाच गिअर, सव्वाशे किलोच्या आसपास वजन. कामावर जावं, परत यावं, पेट्रोल फारसं पिऊ नये, एवढंच जिने करायचं अशी गाडी. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी पोह्यांच्या ताटलीशेजारी टेबलावर एक छोटी पोलादी चकती येऊन पडली. तळहाताएवढी, तेलकट कागदात गुंडाळलेली.

"बाबा, हे फिट करायला हेल्प करशील?"

मी दाते मोजले. पंधरा होते. गाडीवर होती चौदा दात्यांची.

"कशाला रे?"

"टॉप स्पीड वाढतो. कामावर सगळे म्हणतात. फक्त बारा पौंड."

"तुला टॉप स्पीड कशाला हवाय?"

तो गप्प बसला. मग पोह्यांत चमचा फिरवत म्हणाला, "हिंक्सी हिलवर लॉऱ्या अगदी मागे येतात. अगदी मागे, बाबा. आरशात फक्त ग्रिल दिसते."

सौ. ओट्याशी होती. तिने नळ बंद केला. घरात एकदम शांतता झाली.

वाचकहो, हा प्रश्न बारा पौंडांच्या चकतीचा नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. पण इंजिनिअर माणसाला भीती वाटली की तो कागद-पेन्सिल घेतो. मीही घेतली.

ज्यांना ए-३४ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साउथॅम्प्टन बंदरातून मिडलंड्सकडे जाणारा माल याच रस्त्याने जातो. मोटरवे नाही, त्यामुळे एलच्या पाटीवाल्याला तिथे जायला कायद्याने मुभा आहे. पण रहदारीच्या दृष्टीने तो मोटरवेचा भाऊच. ऑक्सफर्डहून दक्षिणेला निघालं की हिंक्सी हिलच्या जंक्शनपुढे रस्ता चढू लागतो. कारमध्ये बसून तो चढ जाणवतही नाही, नुसता पाय जरा जास्त दाबला जातो. दहा हॉर्सपॉवरला मात्र तो चांगलाच जाणवतो.

आता त्या चकतीकडे येऊ. मोटरसायकलच्या चेनला दोन दातेरी चाकं असतात, एक इंजिनाकडचं लहान आणि एक मागच्या चाकावरचं मोठं. मेकॅनिक लोक दोन्हींना स्प्रॉकेट म्हणतात. रोहनच्या गाडीवर पुढे १४ दाते आणि मागे ४५. म्हणजे पुढचं स्प्रॉकेट ३.२१ वेळा फिरेल तेव्हा मागचं चाक एकदा फिरणार. पुढे १५ दाते लावले तर हाच आकडा बरोबर ३ होतो. मागचे तीन दाते कमी करून ४२ केले तरी तेच उत्तर येतं. म्हणजे पुढचा एक दाता हा मागच्या तीन दात्यांच्या तोलाचा. म्हणूनच लोक पुढचा बदलतात, स्वस्त पडतो. चेनही तीच चालते. मागचं चाक फक्त तीनेक मिलिमीटर पुढे सरकवावं लागतं.

आता हिशेब. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत तीन ठिकाणी वेग कमी-जास्त होतो. इंजिन आणि क्लचमध्ये ३.४ पट, पाचव्या गिअरमध्ये ०.८७५ पट आणि चेनमध्ये ३.२१ पट. तिघांचा गुणाकार साधारण ९.५६. इंजिन साडेनऊ वेळा फिरतं तेव्हा मागचं चाक एकदा फिरतं. त्या टायरचा घेर १.९४ मीटर. ताशी साठ मैल म्हणजे मिनिटाला एक मैल, म्हणजे १६०९ मीटर. तेवढ्यात चाक ८२७ वेळा फिरणार आणि इंजिन ७९०० वेळा.

हा ७९०० आकडा आला आणि मी पेन्सिल खाली ठेवली. कारण या इंजिनाची सगळ्यात जास्त ताकद, ते दहा हॉर्सपॉवर, मिळतात ७८०० फेऱ्यांना. म्हणजे कारखान्यातल्या ज्या कुणी माणसाने हे १४ आणि ४५ ठरवले त्याने गाडी जितकी जोरात जाऊ शकते नेमकी तिथेच इंजिनाची पूर्ण ताकद आणून ठेवली होती. अंदाजाने नाही, नीट बसून.

एक दाता वाढवला तर साठ मैलांना इंजिन ७९०० ऐवजी ७४०० वर फिरेल. आवाज कमी, थरथर कमी, ऐकायला छान. पण साठच्या पुढे जायचं तर जास्त ताकद लागते आणि ती ताकद दाता देत नाही. ती इंजिनातूनच यायला हवी. आणि इंजिन तर आपण त्याच्या सगळ्यात ताकदवान जागेवरून खाली आणून ठेवलं.

शिवाय हवा आहे. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ५० वरून ६० मैलांवर जायचं म्हणजे वेग वाढला फक्त वीस टक्के. पण १.२ चा घन करा, १.७३ येतो. हवेसाठी लागणारी ताकद पावणेदोनपटीच्या जवळ गेली. ताठ बसून गाडी चालवणारा माणूस म्हणजे हवेच्या दृष्टीने एक कपाटच. सपाटीवर वारा मागून असेल तर पंधरा दात्यांवर कदाचित दोन मैल जास्त मिळतील. समोरून वारा आला की तेही जातील. चढावर तर विचारूच नका.

"पण सगळे म्हणतात वाढतो," रोहन.

"त्यांनी कशावर पाहिलं?"

"स्पीडोवर."

स्पीडोमीटरबद्दल दोन शब्द. या देशात स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला कायद्याने बंदी आहे, जास्त दाखवायला थोडी सूट आहे. म्हणून सगळेच थोडा जास्त दाखवतात. रोहनच्या गाडीला स्पीडोमीटरची तार पुढच्या चाकातून येते, त्यामुळे मागचे दाते बदलले तरी त्याला फरक पडत नाही. पण ज्या गाड्यांत वेग गिअरबॉक्समधून मोजतात तिथे दाता बदलला की स्पीडोमीटरचं गणितही बदलतं. तेव्हा कुणाच्या स्पीडोवर काय दिसलं यावर आपल्या मुलाची गाडी बदलू नये.

मग लॉऱ्यांचा हिशेब केला. खरं म्हणजे तो आधी करायला हवा होता. दुपदरी रस्त्यावर मोठ्या लॉरीला कायद्याने साठ मैल मुभा आहे, पण तिच्या इंजिनाला ५६ मैलांवर, म्हणजे ताशी ९० किलोमीटरवर, लिमिटर लावलेला असतो. सपाटीवर ड्रायव्हरने कितीही दाबलं तरी ती त्यापुढे जात नाही. म्हणजे सपाटीवर रोहन आणि लॉरी जवळजवळ बरोबरीचे. स्पीडोवर साठ दिसतात तेव्हा खरे पंचावन्न-छप्पनच असतात. म्हणून लॉरी मागे येते, पुढे जात नाही आणि मागेच राहते. ड्रायव्हर दुष्ट नसतो. त्याच्याकडे त्याहून जास्त वेग नसतो आणि पाय उचलायची इच्छा नसते.

चढ लागला की गणित बिघडतं. चव्वेचाळीस टन भरलेली लॉरी चढावर स्वतःच हळू होते, तिची भीती कमी. रिकामी लॉरी मात्र त्याच ५६ ने चढत राहते आणि आपला मुलगा ५६ वरून ५०, ४८, ४५ असा खाली येत राहतो. आरशात ग्रिल दिसते ती तिथे.

म्हणजे ज्या जागी त्याला भीती वाटत होती त्या जागी सपाटीवरचे दोन मैल कामाचेच नव्हते. त्याला हवी होती चढावरची ओढ. आणि पंधरावा दाता नेमकी तीच काढून घेणार होता. तीही एका गिअरमधून नव्हे, पाचही गिअरमधून, प्रत्येकी सात टक्के.

हे मी त्याला समजावून सांगितलं. आकडे दाखवले. त्याने ते तपासलेसुद्धा (ॲप्रेंटिसशिपचा हा एक फायदा). मग म्हणाला, "मॅथ्स ओके आहे. पण बाबा, तू ट्राय कुठे केलंयस? एकदा लावून बघू या ना."

मी म्हटलं, "केलंय ट्राय. पसरणीच्या घाटात."

ही गोष्ट मी घरात कुणालाच सांगितली नव्हती. सौ.लाही नाही.

सन २०००. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि सुट्टीत वाईला घरी आलो होतो. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक शंभर सीसीची फोर-स्ट्रोक गाडी घेतली होती, चार गिअरची. आबा शिक्षक. घरातली ती पहिली मोटरसायकल. त्या काळी गाडीबद्दल एकच प्रश्न विचारला जायचा, 'ॲव्हरेज किती देते?' कट्ट्यावर एकाने सांगितलं, पुढचा एक दाता वाढव, लिटरमागे पाच-सात किलोमीटर वाढतात. मी लगेच वहीत गुणाकार मांडला. इंजिन कमी फिरणार, तर पेट्रोल कमी जळणार, उघड आहे. थिअरी ऑफ मशीन्सचा पेपर नुकताच दिला होता. डोक्यात हवा भरायला तेवढं पुरतं.

मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी माझी वही पाहिली आणि म्हणाले, "इंजिनेर, हिसाब बरोबर हाय तुमचा. पन घाटाला इचारलंय का?"

मी हसलो. दाता बसवून घेतला.

दोन दिवसांनी आबांना पाचगणीला एका आप्तांकडे जायचं होतं. आबा मागे बसले, मध्ये तांदळाची पिशवी. खाली सपाटीला गाडी मस्त चालली, मी मनातल्या मनात ॲव्हरेज मोजत होतो. घाट सुरू झाला आणि गाडी तिसऱ्यात ओढेना. दुसरा टाकला. पुढे एसटी होती. एका वळणावर वरून ट्रक आला म्हणून एसटी थांबली, मीही थांबलो. एसटी निघाली. मी पहिला टाकून क्लच सोडू लागलो. गाडी हलेना. रेस वाढवली. क्लच घसरू लागला आणि तो जळका वास आला. तो वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मागे जीप हॉर्न देत होती.

आबा शांतपणे खाली उतरले. म्हणाले, "तू हो पुढं. मी येतो पाय मोकळे करत."

एकट्याला घेऊन गाडी निघाली. पुढच्या वळणावर जागा बघून मी थांबलो आणि मागे वळून पाहिलं. आबा चढ चढत येत होते. मे महिन्याचं ऊन, पांढरा शर्ट पाठीला चिकटलेला, एका हातात चपलेतला खडा काढायला काढलेली चप्पल. तेव्हा ते पन्नाशीचे होते, आजच्या माझ्यापेक्षा थोडेच मोठे. दम्याची सुरुवात झालेली होती. ते मध्येच थांबायचे, दरीकडे बघायचे, जणू काही देखावा बघायलाच थांबले आहेत. ते देखावा बघत नव्हते हे मला वरून दिसत होतं.

वर आले, बसले. पाचगणी येईपर्यंत आणखी दोनदा उतरले. एका शब्दाने बोलले नाहीत. दाता बदलल्याचं त्यांना माहीतही नव्हतं. गाडीच अशी आहे असं समजून चालले होते. आणि मीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी जुना दाता परत बसवला. मिस्त्रींनी मजुरीही घेतली नाही, नुसते हसले. ॲव्हरेजचं म्हणाल तर त्या दोन दिवसांत ते वाढलं नव्हतंच, कारण ज्या रस्त्याला पूर्वी चौथा चालायचा तिथे मी तिसऱ्यात फिरत होतो. वहीतल्या हिशेबात चूक नव्हती. वहीत घाट नव्हता, मागे बसलेला माणूस नव्हता, तांदूळ नव्हते.

चार वर्षांनी मी मास्टर्ससाठी इकडे आलो. गिअर ट्रेनवरचा एक अख्खा मोड्यूल केला, चांगले मार्क पडले. त्यात शिकलो ते एवढंच की गिअर ताकद निर्माण करत नाही, तो फक्त ती वाटून देतो. वेगाला जास्त दिली तर ओढीला कमी. मिस्त्रींनी ते मला फुकट सांगितलं होतं. आबा आता नाहीत. त्यांना ती दात्याची गोष्ट सांगायची राहूनच गेली.

रोहन ऐकत होता. पोहे गार झाले होते. बराच वेळाने म्हणाला, "मग लॉऱ्यांचं काय करू?"

हा खरा प्रश्न होता. पुन्हा कागद ओढला.

उत्तर गाडीतच होतं. चौथ्या गिअरचं प्रमाण १.०४५, पाचव्याचं ०.८७५. म्हणजे पाचव्यातून चौथ्यात येणं हे पुढच्या स्प्रॉकेटचे सव्वादोन दाते कमी करण्यासारखं आहे, तेही चालत्या गाडीत, पायाने, फुकट. पन्नास मैलांना पाचव्यात इंजिन ६६०० वर असतं. चौथ्यात तेच ७९०० वर येतं. पुन्हा तीच पूर्ण ताकदीची जागा!

"तू चढावर कितव्यात असतोस?"

"फिफ्थ. फोर्थमध्ये खूप ओरडते. वाटतं फुटेल."

आपली मुलं कारच्या मागच्या सीटवर वाढली. इंजिन ओरडलं की काहीतरी बिघडलं असं त्यांना वाटतं. लहान इंजिनाला ओरडूनच काम करावं लागतं, त्यासाठीच ते बनवलेलं असतं. तेलपाणी वेळेवर असेल तर ७९०० फेऱ्यांनी त्याचं काही वाईट होत नाही. उलट कमी फेऱ्यांवर पूर्ण रेस देऊन चढावर घुसमटवलं तर त्याला जास्त त्रास.

त्याच दुपारी आम्ही गाडी तपासली. मागच्या टायरमध्ये हवा पुस्तकात सांगितल्यापेक्षा सहा-सात पौंड कमी. चेन कोरडी, वर इतकी घट्ट की सतार वाजवावी. मागचा ब्रेक किंचित घासत होता, हाताने चाक फिरवलं तर एका फेरीत थांबे. हे सगळं म्हणजे दहा हॉर्सपॉवरमधली चोरीच. हवा भरली, चेन सैल करून तेल दिलं, ब्रेक जुळवला. चाक फिरत राहिलं. दाता बदलायच्या आधी हे करावं, एवढं तरी वाचकांनी लक्षात ठेवावं.

रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना, तो पुढे आणि मी कार घेऊन मागे, असे आम्ही हिंक्सी हिलचा चढ दोनदा चढलो. पहिल्यांदा त्याच्या सवयीने, पाचव्यात. पायथ्याशी ५६, वर पोचेपर्यंत माझा काटा ४५ वर. दुसऱ्यांदा ५२ वर येताच चौथा टाकायला सांगितलं होतं. इंजिनाचा आवाज मला बंद काचेतून ऐकू आला. वर पोचलो तेव्हा काटा पन्नासवर होता. पाच मैल मिळाले, एक पेनीही खर्च न करता.

पण वाचकहो, प्रामाणिकपणे सांगतो. पन्नास म्हणजे छप्पन नव्हे. मागून येणारी रिकामी लॉरी अजूनही सहा मैलांनी जास्त आहे, आणि पावसात, नोव्हेंबरच्या अंधारात, थकलेल्या ड्रायव्हरला एलची पाटी किती लांबून दिसते? त्या चढावर मी त्याच्या मागे माझी कार घेऊन होतो. म्हणून आरशात ग्रिल नव्हती. सोमवारी मी नसणार.

घरी आलो तेव्हा सौ. दारातच उभी होती. म्हणाली, "ते दाते, गिअर, काय ते तुमचं बघा. तो वेळेवर घरी यायला हवा."

मी रोहनला म्हटलं, "आकड्यांनी एवढंच जमतं. पुढचं तू ठरव." हे म्हणताना मला किती कष्ट पडले ते मलाच ठाऊक. 'त्या रस्त्याने जायचं नाही' हे वाक्य तोंडात तयार होतं. पण ज्याला रोज सकाळी एकट्याने हँडल धरायचं आहे त्याला निर्णयही धरता यायला हवा.

त्याने नकाशा काढला. हिंक्सी हिलच्या जंक्शनवरून जुना रस्ता फुटतो, ए-४१८३, बॅग्ली वुडच्या बाजूने ॲबिंग्डनला जाणारा. पूर्वी ए-३४ म्हणजे हाच रस्ता होता. वेग कमी, लॉऱ्या कमी, वेळ सहा मिनिटं जास्त.

"सहा मिनिटं लवकर उठीन," तो म्हणाला. "एकोणीसचा झालो की ए-टू लायसन्स, मोठी गाडी. मग बघू."

सतरा वर्षांच्या मुलाने सहा मिनिटं लवकर उठायचं कबूल केलं, याहून मोठा त्याग आमच्या घरात अलीकडे कुणी केलेला नाही.

आता ज्यांच्या घरात अशीच गाडी आणि असाच प्रश्न असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमची गाडी सपाटीवर वरच्या गिअरमध्ये जास्तीत जास्त ताकदीच्या फेऱ्या सहज ओलांडत असेल, रेस शिल्लक असतानाही इंजिन ओरडत असेल, रस्ता सपाट आणि माणूस एकटा असेल, तर पुढे एक दाता वाढवायला हरकत नाही. इंजिन निवांत चालेल. गाडी त्या फेऱ्यांपर्यंत धापा टाकत पोचत असेल किंवा पोचतच नसेल, तर दाता वाढवून फक्त चढावरची ओढ जाईल. दिवसभर गावात डिलिव्हरी करणाऱ्यांनी, सारखं थांबून निघणाऱ्यांनी, हवा तर एक दाता कमी करावा. आणि काहीही बदललं तरी विमा कंपनीला आधी कळवावं. दाता हा त्यांच्या लेखी फेरबदलच. न कळवता केला आणि उद्या काही झालं, तर बारा पौंडांची चकती फार महाग पडते.

पंधरा दात्यांची ती चकती दुकानाने परत घेतली नाही, तेलकट कागद फाटला होता म्हणून. ती सध्या माझ्या टेबलावर कागद दाबायला ठेवली आहे. या लेखाची पानं तिच्याखालीच आहेत.

पुढच्या अंकात, बऱ्याच वाचकांच्या आग्रहावरून, भारतातून आणलेला मिक्सर इथल्या सॉकेटवर लावावा की नाही, या विषयाकडे वळू. तोवर मोटरसायकलबद्दल काही विचारायचं असेल तर संपादकांमार्फत जरूर लिहा. 'घेऊ कशी दिलीत' हा प्रश्न सोडून.